छोटी मोटरसायकल कुठवर पुरते?

छोट्या मोटरसायकलबद्दल दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. काही जण म्हणतात, शिकण्यापुरती ठीक आहे, पुढे मोठी गाडी घ्यावीच लागते. काही जण म्हणतात, शंभर सीसीवर लोक देशोदेशी फिरून येतात, मोठी हवी कशाला? दोघांकडे उदाहरणं भरपूर असतात, पण कारणं फारसं कुणी सांगत नाही. ही कारणं शाळेतल्या भौतिकशास्त्राने उलगडण्याइतकी सोपी आहेत. ती एकदा समजली की आपल्या कामाला किती गाडी पुरेल, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

छोटी म्हणजे इथे ५० ते १२५ सीसीची गाडी धरू. एकच सिलिंडर, बहुतेक वेळा हवेवर थंड होणारं इंजिन, वजन साधारण ९० ते १२५ किलो आणि ताकद ३ ते ८ किलोवॅट. (१ किलोवॅट म्हणजे १.३४ हॉर्सपॉवर. त्यामुळे आठ हॉर्सपॉवरची गाडी म्हणजे ६ किलोवॅटची गाडी.) पुढचे सगळे हिशेब मी अशाच एका ६ किलोवॅटच्या, शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचे केले आहेत.

ताकद जाते कुठे?

चाक फिरताना टायर जमिनीशी दबतो आणि पुन्हा मोकळा होतो, त्यात थोडी ताकद जाते. हा खर्च लहान आहे आणि वेगासोबत सरळ प्रमाणात वाढतो. खरा खर्च हवेचा. मोटरसायकलवर माणूस उघड्यावर, छाती समोर करून बसलेला असतो. गाडी कितीही सडपातळ असली तरी हवेला अडवणारं मुख्य अंग माणसाचंच, आणि छोटी गाडी घेतली म्हणून ते काही लहान होत नाही.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की अडथळा चौपट. शिवाय तो चौपट अडथळा आता दुप्पट वेगाने सारायचा असतो, त्यामुळे लागणारी ताकद आठपट होते. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण छोट्या गाडीचं सुख आणि तिची मर्यादा दोन्ही याच्यातूनच निघतात.

आकड्यांत बघू. गाडी आणि चालवणारा मिळून २०० किलो, सरळ बसलेला, रस्ता सपाट, वारा पडलेला. अशा वेळी ताशी ४० किलोमीटरला चाकापाशी १ किलोवॅटसुद्धा लागत नाही. ६० ला सुमारे २ लागतात. ८० ला सव्वाचार, ९० ला जवळपास ६, १०० ला ८ आणि १२० ला १३. माणसाची अंगकाठी, कपडे, बसायची ढब यांनी हे आकडे थोडे मागेपुढे होतील, पण वाढ याच पद्धतीची राहील. ४० वरून ६० वर जायला सव्वा किलोवॅट जादा पुरतो, तर १०० वरून १२० वर जायला पाच लागतात.

आपल्या गाडीच्या ६ किलोवॅटपैकी थोडे गिअरबॉक्स आणि चेनमध्ये जातात. चाकापाशी साडेपाच पोचले असं धरलं, तर ती ८५ ते ९० च्या दरम्यान कुठेतरी थांबणार. मूठ पूर्ण पिळलेली, तरी काटा पुढे सरकत नाही. इंजिनात खोट आहे असा त्याचा अर्थ नाही. जितकं आहे तितकं सगळं हवा सारण्यात चाललेलं असतं.

गाडीची टॉप स्पीड किती, हा प्रश्न सगळे विचारतात. मला तो कमी उपयोगाचा वाटतो. विचारायला हवं ते हे: ज्या वेगाने मी रोज जाणार आहे, त्या वेगाला हाताशी किती ताकद शिल्लक राहते? ६० ला लागतात २ आणि आहेत साडेपाच, म्हणजे साडेतीन किलोवॅट शिल्लक. गाडी तरतरीत वाटते, मूठ जरा पिळली की उचलते. ८० ला लागतात सव्वाचार, म्हणजे शिल्लक जेमतेम सव्वा. वीस किलोमीटरच्या फरकात गाडीचा स्वभावच बदलतो. "साठपर्यंत मस्त पळते, पुढे पिकअपच नाही" अशी तक्रार जो तो करतो, ती या वजाबाकीची आहे.

पेट्रोलचंही गणित इथेच आहे. मोटरसायकलचा बहुतेक प्रवास एक-दोन किलोवॅटमध्ये होतो. मोठ्या इंजिनाला इतकंच काम दिलं तर त्याचा थ्रॉटल, म्हणजे मूठ पिळली की उघडणारी हवेची झडप, जवळजवळ बंद ठेवावा लागतो, आणि अर्धवट बंद वाटेने हवा ओढून घेण्यातच इंजिनाची बरीच मेहनत वाया जाते. शिवाय मोठं इंजिन स्वतःला फिरवण्यातच जास्त खर्च करतं. छोट्या इंजिनाचा थ्रॉटल त्याच वेगाला बराच उघडा असतो, घासणारे भाग लहान असतात, आणि जाळलेल्या पेट्रोलचा मोठा वाटा खरोखर चाकापर्यंत जातो. एका लिटरला ५०-६० किलोमीटरचं ॲव्हरेज येतं ते त्यामुळे. हीच छोटी गाडी सतत ८५ ला पळवली तर ॲव्हरेज झपाट्याने पडतं, कारण हवेचं बिल कुठलंही इंजिन चुकवू शकत नाही.

एवढ्याशा ताकदीत किती भागतं याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे होंडाची सुपर कब. १९५८ साली ती आली तेव्हा इंजिन होतं ४९ सीसीचं आणि ताकद साडेचार हॉर्सपॉवर, म्हणजे ३.३ किलोवॅट. सोइचिरो होंडा यंत्र बघायचे आणि ताकेओ फुजिसावा धंदा. दोघांनी मिळून ठरवलं की मोटरसायकलच्या वाटेला न जाणाऱ्या माणसालाही ही चालवता आली पाहिजे. म्हणून क्लचची मूठच काढून टाकली. इंजिनाचा वेग वाढला की आपोआप धरणारा क्लच बसवला. टांग न टाकता बसता येईल अशी चेसिस केली, पायांवर चिखल उडू नये म्हणून पुढे प्लॅस्टिकची ढाल लावली, आणि खड्डे झेपावेत म्हणून स्कूटरसारखी बारकी चाकं न घेता १७ इंची चाकं घेतली. २०१७ पर्यंत या घराण्याच्या १० कोटी गाड्या बनल्या. इतक्या संख्येने दुसरं कुठलंच मोटार वाहन बनलेलं नाही. लोकांनी ती शौक म्हणून घेतली नाही. रोजच्या कामाला ती पुरली, म्हणून घेतली.

मजा कशात आहे

हजार सीसीच्या स्पोर्ट्स बाईकला पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या पुढे जाता येतं. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर चालवणाऱ्याला तिचा फार थोडा भाग वापरायला मिळतो, बाकीचा सांभाळावा लागतो. छोट्या गाडीवर उलट आहे. पूर्ण मूठ, प्रत्येक गिअर, इंजिनाचा खालपासून वरपर्यंतचा सगळा आवाज, सगळं रोज वापरात येतं, आणि तेही कायदा न मोडता. चांगल्या यंत्राला त्याच्या पूर्ण क्षमतेने चालवण्यात जो आनंद आहे तो इथे कुणालाही मिळतो. हे मी मनापासून मानतो.

वळणांच्या रस्त्यावर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. वळणात गाडी किती झुकवायची हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात, वजनाचा त्यात प्रश्न येत नाही. टायर चांगले असतील तर जे वळण मोठी गाडी ५० ने घेते ते छोटीही ५० ने घेते. उलट टायर अरुंद असल्याने तिला तेवढ्याच वेगाला किंचित कमी झुकावं लागतं, आणि हँडलला नुसता दाब दिला तरी ती कलते. मोठी गाडी पुढे निघून जाते ती वळण संपल्यावर, सरळ रस्त्यावर.

आता छोट्या गाडीवरचा एखादा माणूस वळणाकडे येताना बघा. त्याला ठाऊक असतं की इथे वेग गमावला तर तो परत मिळवायला वेळ लागणार. म्हणून तो वळणाच्या बराच आधी नजर पुढे टाकतो. समोरून काही येतंय का, वाळू पडली आहे का, वळण पुढे आवळतंय का उघडतंय, हे आधीच बघतो. ब्रेक लागलाच तर सरळ असतानाच, हलका. गिअर झुकण्यापूर्वी एक खाली, म्हणजे बाहेर पडताना इंजिन ताकदीच्या पट्ट्यात असेल. मग गाडी कलते, मूठ किंचित उघडी राहते, आणि वळण उघडायला लागलं की तो ती पूर्ण उघडतो. मागचं चाक सुटेल अशी भीती कोरड्या रस्त्यावर जवळजवळ नाहीच, कारण सुटण्याइतकी ताकदच नाही. यातली कुठलीही गोष्ट चुकली तर शिक्षा लगेच आणि सौम्य मिळते: गाडी मंदावते. मोठ्या गाडीवर तीच चूक मूठ पिळून झाकता येते, त्यामुळे ती कळतच नाही. छोट्या गाडीवर शिकलेला माणूस चांगला चालवतो असं म्हणतात ते मला खरं वाटतं, आणि त्यामागचं कारण हे आहे.

रेसिंगमध्ये तर या कौशल्याला स्वतःची वेगळी स्पर्धाच होती. १९६२ ते १९८३ पर्यंत ५० सीसीच्या गाड्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत असे. सुझुकीची १९६७ ची दोन सिलिंडरची ५० सीसी गाडी मिनिटाला १७ हजारांहून जास्त फेऱ्यांवर ताकद देत असे आणि तिला १४ गिअर होते, कारण ताकदीचा पट्टा इतका अरुंद होता की गिअर एकमेकांच्या अगदी जवळ नसते तर इंजिन त्या पट्ट्याबाहेर पडलं असतं. स्पेनचा आंखेल निएतो १३ वेळा जगज्जेता झाला. त्याची सगळी विजेतेपदं ५० आणि १२५ सीसीतली आहेत.

वेग बाजूला ठेवला तरी वजन कमी असण्याचे फायदे दिवसभर मिळत राहतात. अडचणीच्या जागी गाडी उचलून सरकवता येते. उतारावर तोंड करून लावली असेल तर पाठीमागे ओढता येते. पडली तर एकट्याने उभी करता येते. २३०-२५० किलोच्या टूरिंग गाडीबाबत यातलं काहीच सहज होत नाही. ज्याची उंची कमी आहे, ज्याचे गुडघे आता तेवढे भरवशाचे नाहीत किंवा जो आयुष्यात प्रथमच मोटरसायकलवर बसतो आहे, त्याला दोन्ही पाय जमिनीवर टेकणं ही फार मोठी गोष्ट आहे. नवशिक्या घाबरतो तो बहुधा वेगाला नाही, तर गाडी थांबताना आपल्या अंगावर येईल याला. ही भीती एकदा गेली की बाकीचं शिकायला मन मोकळं होतं.

शिल्लक संपते तेव्हा

वर सपाट रस्ता आणि पडलेला वारा धरला होता. प्रत्यक्षात चढ असतो, समोरून वारा असतो, मागे माणूस बसलेला असतो. या प्रत्येकाचा खर्च त्याच तुटपुंज्या शिल्लकीतून जातो.

चढ घेऊ. दर १०० मीटरला ८ मीटर चढणारा रस्ता, गाडी डबलसीट, एकूण २७० किलो. ६० ने चढायचं तर नुसतं वजन वर उचलायला साडेतीन किलोवॅट लागतात, हवा आणि टायरचे दोन वेगळे. बेरीज साडेपाच, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं. त्यातही एक मेख आहे. कागदावरचे ६ किलोवॅट इंजिन एकाच ठिकाणी देतं, साधारण साडेसात-आठ हजार फेऱ्यांना. पाच हजार फेऱ्यांवर तेच इंजिन चारच्या आसपास देतं. त्यामुळे चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही, आणि तिसऱ्यात टाकली तर इंजिन किंचाळतं. चारच गिअर असलेल्या गाडीवर दोन गिअरमधली ही दरी जास्तच जाणवते. अशा वेळी ४० वर येऊन तिसऱ्यात शांतपणे चढणं हाच शहाणपणा. त्या वेगाला बेरीज सव्वातीनच्या आसपास येते आणि इंजिनाची दमछाक होत नाही.

समोरचा वारा फसवा, कारण तो दिसत नाही. ८० ने जाताना समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर हवेचा खर्च दीडपटीहून जास्त होतो. छोटी गाडी अशा वेळी ८० ला राहूच शकत नाही, ७५ च्या आसपास येऊन स्थिरावते, आणि चालवणाऱ्याला वाटतं प्लग खराब झाला असावा.

उंचीचंही तसंच. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवा साधारण पाव हिश्श्याने विरळ असते. इंजिनाला जाळायला प्राणवायू तेवढा कमी, ताकदही तेवढी कमी. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण हवेशी जुळवून घेतं, पण नसलेली हवा ते आणू शकत नाही. मोठ्या गाडीचा पाव हिस्सा गेला तरी गरजेपेक्षा पुष्कळ उरते. छोटीचा गेला तर चढावर पहिला-दुसरा गिअरच उरतो.

सगळ्यात गंभीर मर्यादा मात्र ओव्हरटेकची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. दुपदरी रस्ता. पुढे १२ मीटर लांबीचा ट्रक ६० ने चालला आहे. तुम्ही त्याच्या मागे २० मीटर अंतर ठेवून आहात, आणि पुढे गेल्यावरही तितकंच अंतर सोडून आपल्या बाजूला यायचं आहे. म्हणजे ट्रकच्या तुलनेत पन्नासेक मीटर जास्त जायचं. तुम्ही आधीच ८० ला असाल तर ट्रकपेक्षा सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकता, म्हणजे नऊ सेकंद लागतात. नऊ सेकंदांत तुम्ही २०० मीटर जाता. समोरून येणारी गाडीही ८० ने असेल तर तीही २०० मीटर येते. एकूण ४०० मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा.

पण तुम्ही ८० ला नसताच. ट्रकच्या मागे अडकून ६० ला आलेले असता, आणि इथून छोट्या गाडीला ८० गाठायला बराच वेळ लागतो. ७० ते ८० हा टप्पा एकटाच सहा-सात सेकंद खातो, कारण तिथे शिल्लक अडीच किलोवॅटवरून सव्वावर घसरत असते. म्हणजे नऊचे चौदा-पंधरा सेकंद होतात आणि ४०० मीटर पुरत नाहीत. त्यात ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताक्षणी समोरचा वारा अंगावर येतो, आणि ट्रकच्या नाकाशी पोचताना त्याने बाजूला ढकललेल्या हवेचा धक्का बसतो. निम्म्यात आल्यावर समोर गाडी दिसली तर जोर लावून निसटायला काही उरलेलं नसतं. एकच वाट राहते: ब्रेक मारून पुन्हा मागे येणं. म्हणून छोट्या गाडीवर "जाईल बहुतेक" असं वाटलं की जायचं नाही. उतार येईपर्यंत, रस्ता रुंद होईपर्यंत किंवा ट्रक वळेपर्यंत मागे राहायचं, आणि मागे राहताना अंतर सोडून राहायचं.

बाजूच्या वाऱ्याला गाडीचं वजन किती हे बघायची गरज नसते, तो अंगाच्या आकारावर ढकलतो. हलकी गाडी त्याच धक्क्याने जास्त सरकते. हँडल घट्ट आवळलं तर प्रत्येक झुळूक हातांतून थेट पुढच्या चाकात जाते. हात सैल, गुडघे टाकीला लावलेले, आणि लेनच्या मधोमध जागा राखलेली, एवढं केलं तर बरंच सुसह्य होतं.

कंपनांचा त्रास वेगळा. एका सिलिंडरचा दट्ट्या प्रत्येक फेरीत दोनदा थांबून उलट फिरतो. त्याचा धक्का बॅलन्सर शाफ्ट थोपवतो, पण पुष्कळ छोट्या इंजिनांत तो नसतो. सात हजार फेऱ्यांवर तासभर चालवलं की बोटं बधिर होतात. हा त्रास वाटतो तितका किरकोळ नाही, कारण ब्रेक त्याच बोटांनी दाबायचा असतो. रात्रीचा प्रकाशही अनेक छोट्या गाड्यांवर बेताचा असतो. उजेड जिथपर्यंत पडतो तिथपर्यंतच्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग ठेवावा.

छोटी म्हणजे सुरक्षित?

हा समज मला धोकादायक वाटतो. हलकी गाडी लवकर थांबते असं लोक गृहीत धरतात. टायरची पकड वजनाच्या प्रमाणात वाढते आणि थांबवायचं ओझंही त्याच प्रमाणात, त्यामुळे वजनाचा फायदा दोन्हीकडून कटतो. चांगल्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने ६० वरून थांबायला सुमारे २० मीटर लागतात आणि ९० वरून ४५. ब्रेक दाबायच्या आधी भान यायला जो एक सेकंद जातो, त्यात ६० ला आणखी १६-१७ मीटर गेलेले असतात. छोट्या गाडीला बऱ्याचदा ड्रम ब्रेक आणि साधे, अरुंद टायर मिळतात, म्हणजे हे अंतर वाढण्याचीच शक्यता जास्त. युरोपीय संघाने २०१६ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मोटरसायकल मॉडेलना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं केलं, पण १२५ सीसीच्या वर्गाला त्याऐवजी सीबीएस, म्हणजे एकाच लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी पद्धत, चालते असं ठेवलं. सीबीएस उपयोगी आहे, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होणं ते थांबवत नाही. पर्याय असेल तर छोट्या गाडीवरही एबीएस घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन.

अमेरिकेतले संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल १९८१ साली आला. धडकेच्या क्षणी मोटरसायकलचा मध्यक वेग होता ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. निम्म्या धडका याहूनही कमी वेगाला झाल्या होत्या. ३५ हा आकडा छोट्यातल्या छोट्या गाडीच्या आवाक्यातला आहे. त्या वेगाने थांबलेल्या वस्तूवर आदळणं म्हणजे जवळपास पाच मीटर उंचीवरून खाली पडण्याइतकं आहे. दुसऱ्या वाहनाच्या धडकेतले बहुसंख्य अपघात समोरच्या चालकाने मोटरसायकलची वाट अडवल्यामुळे झाले, असंही त्यात आढळलं. गाडी आणि तिचा दिवा लहान असेल तर ती दिसायला आणखी कठीण. त्यामुळे नीट बसणारं आणि पट्टा लावलेलं हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि उठून दिसणारा रंग हे सगळं छोट्या गाडीलाही तितकंच लागू आहे.

कायद्यांतही हाच विचार दिसतो. जपानमध्ये १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एक्सप्रेसवेवर जाता येत नाही. युरोपात ५० सीसीच्या मोपेडला ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्यावरचा ए१ परवाना १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत चालतो. जिथे सगळी वाहतूक शंभराच्या पुढे चालते तिथे ८५ वर दम संपणारी गाडी स्वतःलाही आणि मागून येणाऱ्यांनाही अडचणीची ठरते.

लांबचा प्रवास

करता येतो, आणि छान होतो, पण वेळेचं गणित बदलून. मोठा रस्ता टाळून आतल्या रस्त्याने, दिवसभरात ताशी सरासरी ४० धरून आखणी केली तर छोटी गाडी कुठेही कमी पडत नाही. इंजिनाला पूर्ण मुठीवर तासन्‌तास ठेवायचं नाही, टॉप स्पीडच्या तीन-चतुर्थांशावर ठेवायचं. हवेवर थंड होणाऱ्या छोट्या इंजिनात ऑइल लिटरभर किंवा त्याहूनही कमी असतं. त्यातलं पाव लिटर जळालं तर ती मोठी घट आहे, म्हणून रोज सकाळी ऑइलची पातळी बघायची.

चेन आणि हवा यांची काळजी तर छोट्या गाडीवर दुप्पट घ्यावी. कोरडी किंवा फार ताणलेली चेन, हवा उतरलेले टायर, किंचित घासत राहणारा ब्रेक यांत मिळून ३०० वॅट जात असतील असं धरा. ७० किलोवॅटच्या गाडीवर हे कळणारही नाही. आपल्याकडे ८० ला शिल्लकच सव्वा किलोवॅट आहे, त्यातला चौथा हिस्सा गेला. चेन तपासताना एक करा: खालची बाजू मधोमध बोटाने वरखाली हलवून बघा. दोन-तीन सेंटिमीटर ढील हवी. मग चाक थोडं फिरवून पुन्हा बघा. झिजलेली चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी घट्ट लागते. मोजायचं ते सगळ्यात घट्ट जागेवर, नाहीतर माणूस बसल्यावर तिथे चेन ताणली जाऊन बेअरिंगवर भार येतो.

मोठी घ्यावी का?

वेग दुप्पट तर ताकद आठपट, हा घनाचा नियम इथे पुन्हा कामाला येतो. दुप्पट ताकदीची गाडी घेतली तर टॉप स्पीड दुप्पट होत नाही, साधारण सव्वापट होते. जो ९० ऐवजी १८० च्या आशेने ताकद दुप्पट करेल त्याची निराशा होईल. पण शिल्लक बघा. ८० ला सव्वाचार लागतात. चाकापाशी साडेपाच असतील तर सव्वा उरतात, अकरा असतील तर पावणेसात. म्हणजे शिल्लक पाचपटीहून जास्त. १५० ते २०० सीसीच्या गाड्या नेमक्या इथे बसतात. वजन फारसं वाढत नाही, ॲव्हरेज थोडं कमी होतं, आणि ८० चा ओव्हरटेक हा जुगार राहत नाही. ज्याच्या रोजच्या वाटेत दुपदरी मोठा रस्ता आणि चढ आहे, त्याला मी हीच गाडी सांगेन. ज्याचा प्रवास ५०-६० च्या आत होतो त्याला शंभर-सव्वाशे सीसी पुरते, आणि त्याहून मोठी घेऊन त्याला फार काही जादा मिळणार नाही.

कागदी आकड्यांपेक्षा एक साधी परीक्षा खात्रीची आहे. गाडी घेण्याआधी ज्या माणसासोबत जायचं आहे त्याला मागे बसवा, आपल्या नेहमीच्या वाटेवरच्या सगळ्यात कठीण चढावर न्या, आणि तिथल्या वाहतुकीच्या वेगाला मूठ किती उघडावी लागते ते बघा. तिथे पाव मूठ उरत असेल तर ती गाडी तुम्हाला पुरेल. मूठ पूर्ण उघडूनही मागची वाहनं अंगावर येत असतील, तर दुसरा रस्ता शोधा किंवा एक पायरी वरची गाडी बघा.